आजी मला बंद का करते?

“बोलत राहा आजी, थांबू नका.”

माझ्या तारा बसवताना डॉक्टरबाई असं म्हणाल्या, ती माझी पहिली आठवण. आजीला भूल न देता जागंच ठेवलं होतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका आजीच्या छातीत, कातडीखाली माझं घर. माझ्या बारीक तारा मानेतून वर चढून तिच्या मेंदूत खोल गेल्या आहेत. मेंदूतल्या लाटा टिपायच्या आणि हात थरथरवणाऱ्या कंपाची लाट उसळली की हलकी वीज सोडून त्या लाटेला निजवायचं, हे माझं काम.

सुरुवातीला केवढं कौतुक झालं माझं! आजीने सुईत दोरा ओवला आणि सूनबाईंचे डोळे भरून आले.

“आई, अहो, एका दमात ओवलात!”

“मग! आता अंगातच वीज घेतलीय. मीटर तेवढा तुझ्या नवऱ्याच्या नावावर.”

पण पुढे भलतंच सुरू झालं. दुपारी नात टिकली शाळेतून आली, की आजी रिमोटने माझी वीज बंद करायची. लाटा मात्र मला दिसत राहायच्या. कंप उसळायचा, कप बशीवर किणकिणायचा, आणि आजी हसत असायची! मी पार गोंधळले. माझंच काही चुकलं असावं, असं वाटून वीज पुन्हा चालू झाली की मी होता होईल तेवढा जोर लावायची. हात गप्प व्हायचा. मग टिकली म्हणायची, “आजी, काय म्हणालीस? कळलंच नाही.”

शेवटी सूनबाईंनी डॉक्टरबाईंकडे गाऱ्हाणं नेलं. “सारखं बंद करतात हो! मग एवढं ऑपरेशन केलं कशाला?”

आजी पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, “ही चालू असली की हात माझा, पण जीभ परक्याची. टिकलीला गोष्ट सांगताच येत नाही. बंद केली की गोष्ट होते, पण तिला कबूल केलेला बाहुलीचा झगा राहतो. मला दोन्ही हवंय. हावरटच झालेय मी.”

“हावरट कसल्या! ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला बोलतं ठेवलं होतं ते याचसाठी. जीभ अडखळते का, ते ऐकायचं होतं,” म्हणत बाईंनी माझा जोर उतरवला. “हात थोडा हलेल. चालेल?”

“चालेल काय, पळेल!”

मला मात्र अजून उमगत नाही. आता हात पुरता शांत नाही, जीभ पुरती मोकळी नाही, तरी आजी खूश कशी? कंपाची लाट मी ओळखते. मायेची कशी दिसते, ते मला कुणी शिकवलंच नाही.

मित्रांनो, आम्हा डब्यांना वेळेवर चार्ज करा. आणि एवढं ऐका. थरथरणाऱ्या हाताला घाई करू नका, अडखळणाऱ्या माणसाचं वाक्य तुम्हीच पुरं करून टाकू नका.

आज दुपारी टिकली आली. आजीने रिमोटला हात लावला नाही. चष्मा चढवून तिने झग्याचं कापड मांडीवर घेतलं. दोरा सुईच्या नेढ्यात जाता जाता हुकला. पुन्हा हुकला.

“दे, मी ओवते,” टिकली म्हणाली.

आजीने मानेनेच नको म्हटलं. “एक होती मुंगी,” ती सावकाश म्हणाली. मग दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून तिने ते परत सुईकडे नेलं.