हरण्याच्या शिंगातला कण

मी एक जुना...

नाही. जुना व्हायला मला सवडच मिळाली नाही. पुन्हा सुरू करतो.

मित्रांनो, मी लोखंडाचा एक कण आहे. एका केसाच्या जाडीत माझे हजारभर भाऊ रांगेने मावतात. माझ्या अंगावर मेणासारखा थर आहे आणि थरात कर्करोगावरचं औषध. बाहेरून चुंबकाचं यंत्र लावलं की मी तापतो, गाठ शेकते, थर वितळतो, औषध सुटतं. इतकं सोपं आहे. तरी कुणाला सांगून पाहा!

घोटावड्याजवळच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर स्नेहल यांनी मला घडवलं. कौतुक झालं. भिंतीवरच्या चित्रात मला चेंडूएवढा, लालभडक रंगवला. मी काळा आहे! मग अकरा महिने फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी दह्याच्या डब्याशेजारी.

शेवटी काम मिळालं. हैबतरावांच्या हरण्या बैलाला शिंगाच्या बुडाशी कर्करोगाची गाठ आली होती. आधी शिंग जाणार होतं, मग बैल. स्नेहलताईंनी फोनवर बजावलं, "काका, मंगळवारी त्याच्या अंगावर लोखंड ठेवू नका. तापेल."

"व्हय, व्हय."

मंगळवारी हरण्या नवरदेवासारखा सजून उभा! साखळी काढलेली, पण शिंगाला रंगीत गोंडा. सुईने मला गाठीत सोडलं. यंत्र सुरू झालं. मी कोमट होतोय तोच हरण्याने हिसडा दिला. यंत्र एकीकडे, स्नेहलताई शेणात.

गोंड्याखाली, शिंगाच्या बुडाशी कडं होतं. पितळेचं.

"काका, सांगितलं होतं ना!"

"तुमी लोखंड म्हनला व्हता. ह्ये पितळ हाय. शर्यतीच्या घाटात पयला आला तवाचं."

पितळही तापतं हो! मी ओरडलो. माझा आवाज माझ्याएवढाच.

दुसरी कुपी नव्हती. थोड्याच तासांत रक्त मला गाठीतून वाहून नेणार होतं. कडं सुजेत रुतलेलं, ते कापल्याशिवाय निघेना आणि हैबतराव करवत आणीनात. "त्याचा मान हाय त्यो."

त्यांची बायको गोजराबाई शेणाचे हात घेऊन पुढे आली. "बैल मेला तर कडं तुमीच घाला मनगटात, आन् पळा घाटात!"

हैबतरावांनी स्वतःच कापलं. कापताना ते हरण्याशीच बोलत होते, माणसांशी नाही.

यंत्र पुन्हा लागलं. चाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस अंश. थर वितळला, औषध गेलं. आता मी नुसतंच लोखंड, बैलाच्या यकृताकडे निघालोय. गाठ विरली का, हे महिन्याने त्यांना कळेल. मला नाही.

म्हणून मित्रांनो, शिकलेल्यांनो, सगळे धातू म्हणायचे असतील तर नुसतं लोखंड म्हणू नका. आणि ऐकणाऱ्यांनो, होकार देण्याआधी विचारा, "पितळ चालंल का?" तीन शब्द आहेत. ते कुणी विचारले नाहीत, म्हणून हरण्याच्या शिंगाभोवती भाजल्याचा गोल डाग आहे. तो कुठल्याच औषधाने जाणार नाही.