पाच डब्यांची गाडी

मी दातांच्या कवळ्या करते. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल आहे, आणि गेली एकतीस वर्षं मी तिथे बसून लोकांना चावायला आणि हसायला दात देते. राग माझ्या नाकावर असतो, हे मला ठाऊक आहे. पण हात स्थिर आहे. आमचे डॉक्टर म्हणतात, हिचं डोकं फिरलं तरी हात फिरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो घोटाळा झाला तो रागाने नाही झाला, या स्थिर हाताने झाला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला माझ्या दादाला अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात बरंचसं परतलं, पाय ओढत का होईना तो चालू लागला, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. स्वभावाने इतक्या शांत की त्यांच्या जागी मी असते तर दुसऱ्याच दिवशी भांडं आपटलं असतं. त्या सांगायच्या, पहिले काही महिने हाताला आठवण असते; तेवढ्यात काम दिलं तर तो ऐकतो, नंतर ऐकेलच असं नाही. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी रबरी चेंडू हातात दिला की दादा तो घरंगळू द्यायचा आणि खिडकीबाहेर बघत बसायचा. असे अडीच महिने गेले. शेवटी बाई वहिनीला म्हणाल्या, शुक्रवारी येते, पण तेव्हाही यांनी हात उचलायचा प्रयत्न केला नाही, तर मी येऊन उपयोग नाही.

वहिनी माझ्याकडे येऊन रडली. आमची वहिनी रडणाऱ्यातली नाही, म्हणून मला धडकी भरली. वर आणखी एक गोष्ट तिने सांगितली. कपाटावरचे डबे कचऱ्यात टाक, असं दादाने त्याच सकाळी तिला सांगितलं होतं.

आता या डब्यांचं सांगते. दादाने जन्मभर ट्रक चालवला. आईवडील एकापाठोपाठ एक गेले तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि मी सहा. घरी मला सांभाळायला कोणी नाही, म्हणून शाळेला सुट्टी असली की तो मला शेजारी बसवून घेऊन जायचा. मी वर्गात सगळ्यांत ठेंगणी, आजही बुटकीच आहे, दादा मला ‘बुटके’ म्हणूनच हाक मारतो. पण ट्रकमधून रस्ता मला सगळा दिसायचा. पूल, वळणं, समोरून येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, सगळं. तसा रस्ता मी पुन्हा कधी पाहिला नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, दादाने वीतभर मोटारी जोडायला घेतल्या. डब्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, सोबतच्या कागदावर आकडे असतात, आकडे बघत चिकटवत जायचं. पण हे सोपं काम झालं. गेली तीन वर्षं त्याचं एका हॉट रॉडवर चाललं होतं. म्हणजे जुन्या घाटाची मोटार घ्यायची, तिचं छप्पर कापून खाली आणायचं, बॉनेट काढून टाकायचं आणि आत दांडगं इंजिन बसवून ते उघडंच मिरवायचं. असलं काही एका डब्यात तयार मिळत नाही. दादाने अंग एका डब्यातलं घेतलं, इंजिन दुसऱ्यातलं, पुढचा आस एका मालट्रकचा, चाकं शर्यतीच्या गाडीची आणि सीटा कुठल्याशा बड्या लोकांच्या मोटारीच्या. त्यात काही डबे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या मापाचे तर काही चोविसाव्या. एकाचं दुसऱ्याला सरळ बसेल तर शपथ. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं प्रत्येक भागाचं. तरी दादा खूश असायचा.

ते डबे मी कचऱ्यात टाकू देणार होते थोडीच! पाचही उचलले, अर्धी जोडलेली गाडी त्यातच होती, आणि दवाखान्यात नेले. माझा हिशेब साधा होता: शुक्रवारपर्यंत गाडी पुरी करायची आणि त्याच्यापुढे ठेवायची. तीन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला ती समोर दिसली की हात आपसूक पुढे येईल.

चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी तेच केलं. प्लॅस्टिक मला नवीन नाही. चकचकीत मुलाम्यावर गोंद धरत नाही हे मला कोणी सांगायला नको, मी तो जागच्या जागी खरवडून बंपर लावला. आस अर्ध्या केसाने तिरका होता, तो सरळ केला. रंगाचे ओघळ घासून वर तांबडा हात दिला. खोटं कशाला बोलू, मजा आली. मग टिश्यूत गुंडाळून ठेवलेलं छप्पर सापडलं. दादाने ते आधीच कापून ठेवलं होतं. वर ठेवलं तर बसेना, एका बाजूने फट राहत होती.

आमच्याकडे कवळी उंच बसली की माणसाला निळा कागद चावायला देतात. जिथे डाग उमटतो ती जागा उंच, तेवढी घासायची. मी तेच केलं. छप्पर आणि सीटा यांच्यामध्ये निळा कागद धरून दाबलं. डाग उमटला शेजारच्या सीटच्या डोक्यावर. वाकून पाहिलं तर ड्रायव्हरची सीट तळाला टेकलेली आणि शेजारच्या सीटखाली दादाने प्लॅस्टिकचा एक ठोकळा चिकटवलेला. मला वाटलं, माप चुकलं बिचाऱ्याचं, तेव्हापासूनच हात दगा देत असावा. डोळे भरून आले माझे. तो ठोकळा मी घासायच्या चाकाखाली धरून पार भुगा केला, सीट खाली बसवली, आणि छप्पर टक्कन बसलं. दोन्ही सीटा एका रेषेत, समोरच्या दोन दातांसारख्या. स्वतःवर काय खूश झाले होते मी! छप्पर मात्र चिकटवलं नाही, म्हटलं ते दादासमोर करू.

शुक्रवारी बाई यायच्या वेळेला मी गाडी घेऊन गेले आणि दादाच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. वहिनी दारात उभी, बाई खुर्चीत. दादाने गाडीकडे बघितलं. डोळ्यांत चमक आली, मी पाहिली. मग तो पुढे वाकला आणि खिडकीतून आत बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला.

“सीट कोणी खाली आणली?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, मी आणली. निळ्या कागदाचं सगळं सांगितलं, माप चुकलं होतं म्हणून सांगितलं, अगदी पुराव्यासकट. तो मान हलवत राहिला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, “बुटके, ती तुझी सीट आहे. खाली बसलीस तर तुला रस्ता कसा दिसणार?”

मला काही कळेना. सांगितलं ते वहिनीने. दादाने ट्रकात शेजारच्या सीटवर एक लाकडी पेटी पक्की केली होती आणि वर घोंगडी शिवली होती. मालक म्हणाला, पेटी काढ, नाहीतर चालता हो. दादा चालता झाला आणि पेटी उचलून दुसऱ्याच्या ट्रकात बसवली. मी आपली समजत होते की ट्रकच्या सीटा उंचच असतात. पन्नास वर्षं समजत होते. अति शहाणी बाई मी. लोकांच्या जबड्यातला केसाएवढा उंचवटा मला कळतो, आणि हे कळलं नाही.

मी तिथेच रडले, चांगली हमसून. दादा वैतागला. म्हणाला, रड नंतर, आधी छप्पर काढ आणि ठोकळा दे. ठोकळ्याचा तर भुगा झालेला. माझ्या पिशवीत कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी प्लॅस्टिक होतं, त्याचा तुकडा मी मापाने तोडून त्याच्या डाव्या हातात दिला.

“गाडी धर,” तो म्हणाला.

माझा हात पुढे गेलाच होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आणि म्हटलं, माझे नाही मोकळे. त्याने मला अशी काही शिवी हासडली की वहिनीने तोंडाला पदर लावला. मग त्याने डाव्या हाताने उजवा हात मांडीवरून उचलला आणि टेबलावर गाडीच्या कडेला ठेवला. बोटं तशीच पडून राहिली. गाडी सरकली. त्याने ती ओढून आणली, ती पुन्हा सरकली. त्याच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या वेळी अंगठा हलला, मग त्याच्याजवळचं बोट, आणि दोघांनी मिळून गाडीचा मडगार्ड धरला. घट्ट नाही, पण धरला. डाव्या हाताने त्याने गुलाबी ठोकळा सरकवला आणि वर सीट टेकवली.

छप्पर आता बसणार नव्हतं. दादा म्हणाला, नसू दे. मग मान वर न करता त्याने विचारलं, “आता दिसतो?”

“दिसतो दादा,” मी म्हटलं. “तेव्हाही सगळा दिसायचा. तुझ्यामुळे दिसायचा, आणि मी एकदाही तुला तसं म्हटलं नाही.”

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. गोंद सुकेपर्यंत गाडी हलू द्यायची नसते, आणि तो उजव्या हाताने ती धरून बसला होता. बाईंनी वही काढून सोमवारची वेळ लिहिली.