नवी चेन, जुनं चाक

इंजिनाच्या तोंडाचं झाकण अजून उघडंच होतं, तरी हैबतरावांनी आपल्या लॉरीपुढे नारळ फोडून टाकला.

"बसव आता," ते म्हणाले. "नारळ फुटल्यावर गाडी उभी ठेवत न्हाईत."

गेणबा मिस्त्री जागचा हलला नाही. पौडच्या रस्त्याकडेला त्याची पत्र्याची शेड होती, तीही हैबतरावांच्याच जागेत. तिथे हे इंजिन कितीतरी दिवस उघडं पडलं होतं. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सगळं नवं घालून झालं होतं. राहिली होती फक्त टायमिंगची चेन. खाली क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, बारकं दातेरी चाक, वर मोठं चाक आणि दोघांना बांधणारी चेन. इंजिनाचा सगळा ताल या तिघांवर. चेन एखादा दात जरी सरकली, तरी व्हॉल्व्ह भलत्या वेळी उघडतात आणि चालतं इंजिन बंद पडतं.

हैबतरावांनी पुण्याहून चेन आणि मोठं चाक आणलं होतं. बारकं चाक दुकानात नव्हतं, ते मुंबईहून यायचं होतं. म्हणून क्रँकवर जुनंच राहिलं होतं. त्याचे दात झिजून एका अंगाला वाघनखांसारखे वळले होते.

गेणबाने चेन चढवून दाखवली आणि हँडल सावकाश फिरवलं. एक कडी दाताच्या टोकावर चढली, क्षणभर अडखळली आणि टक् करून खाली बसली.

"ऐकलंत?"

"नवं हाय, जरा कुरकुरणारच."

"कुरकुर न्हाई ही. कडी दातावर चढतीया. चढाला जोर लागला की उडी मारंल."

हैबतराव भरे गावचे. बैल पारखायला अख्खं खोरं त्यांना बोलावत असे. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि दावणीपुढे उभे असल्यासारखे बोलू लागले. "खोंड औताला शिकवताना काय करतोस? मुरलेल्या बैलाशेजारी जुपतोस. जुना त्याला वळण लावतो. दोन्ही कोरे जुपलेस तर औत घेऊन पळतील. हितंबी तेच."

"बैलाचं खरं हाय, राव. लोखंडाचं उलटं. जुनं नव्याला बिघडवतं."

"मग तुझं म्हणणं काय?"

"बारकं चाक येईस्तोवर थांबा. न्हाईतर जुनी तिन्ही परत चढवतो. ढिली हायेत, पण एकमेकांत घासून बसलीत. सपाटीला चालतील. घाटाकडं मात्र न्यायची न्हाई."

"नवी चेन फळीवर ठेवून जुनी चढवू? लोक तोंडात शेण घालतील!"

तेवढ्यात बहिरू पुढे झाला. गेणबाचा हा धाकटा भाऊ लॉरीवर ड्रायव्हर होता. "दादा, लाव की आता. ताम्हिणीच्या भट्ट्यांवर कोळसा भरून पडलाय. उरवड्याचा लॉरीवाला काल जाऊन बघून आला. आज आपण न्हाई गेलो तर माल त्यो उचलंल. मग मी काय हाकू, तुझी शेड?"

हैबतराव हसले. गेणबाला हसू आलं नाही. त्या चढावर स्टिअरिंग धरून बसणार होता तो बहिरूच. त्याला अडवून सांगावं, असं गेणबाच्या ओठांपर्यंत आलं. पण एकीकडे जागेचा धनी आणि दुसरीकडे सख्खा भाऊ. त्याने झाकण बसवलं आणि बोल्ट आवळले.

"मीबी येतो," पाना पिशवीत टाकत तो म्हणाला.

जाताना लॉरी रिकामी होती आणि इंजिन छान बोलत होतं. धरणाच्या पाण्याकडेने जाताना बहिरूने तर शीळही घातली. हैबतराव दर वळणाला गेणबाकडे बघून मिशीत हसत होते. गेणबा मात्र पायाखालच्या पत्र्याकडे कान लावून बसला होता.

भट्ट्या रस्त्याच्या खाली, दरीच्या अंगाला होत्या. तिथून डांबरी रस्त्यावर यायला एकच उभी, वाकडी चढण होती. पोती भरून झाली, तशा भट्टीवरच्या बायका पौडच्या बाजाराला जायला पोत्यांवर चढल्या. धनगरवाड्यातली सुंदरा सगळ्यांत वर, दोन लेकरं मांडीशी घेऊन बसली.

"मिस्त्री, तुमी कशाला आलाय?" तिने वरून विचारलं. "नव्या नवरीची पाठराखीण व्हय?"

बायका खिदळल्या. बहिरूने इंजिन चालू केलं. आता ते तापलेलं होतं. झाकणामागून आवाज आला. टक्. मग थोडं थांबून पुन्हा, टक् टक्.

गेणबाने केबिनमधून उडी मारली. "उतरा! समदी खाली उतरा!"

"आन् पायी चढू? डोईवर ओझं हाय," सुंदरा म्हणाली.

"उतरा म्हंतो न्हवं! लेकरं आदी दे हिकडं!"

त्याचा आवाज ऐकून बायकांचं हसणं थांबलं. त्या भराभर उतरल्या. गेणबा बहिरूच्या दाराशी गेला. "तूबी उतर."

"मग कोण हाकंल? आपला बा?"

"बायका उतरल्या, आता बास झालं," हैबतराव केबिनमधून म्हणाले. "भुताला भ्यावं तसं भितोय ह्यो. चल रं, बहिरू."

लॉरी निघाली. गेणबाने मोठा धोंडा उचलला आणि मागच्या चाकाजवळून चालू लागला. चढ वाढला तसं इंजिन घुमू लागलं. वळणाच्या ऐन पोटात आल्यावर फाडकन आवाज झाला. धुराड्यातून काळा लोट उठला आणि सगळं शांत झालं.

लॉरी क्षणभर लटकली. मग मागे सरकली.

"ब्रेक!" गेणबा ओरडला.

"दाबलाय! एवढ्या वजनाला धरत न्हाई!"

त्याने धोंडा चाकामागे ढकलला. चाकाने तो फरफटत नेला. गेणबाने रस्त्याकडेचा दुसरा उचलला, टाकला आणि हात कसाबसा काढून घेतला. चाक अडखळलं. बहिरूने स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि लॉरीचा मागचा भाग डोंगराच्या अंगावर जाऊन आदळला. वरच्या थरातली पोती दोर तोडून दरीत गेली. कोळशाची धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

बहिरू खाली उतरला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, पण हातपाय धड होते. हैबतराव उतरून रस्त्याच्या कडेला बसले आणि बसूनच राहिले.

सुंदरा दरीत बघत होती. ती बसली होती ती पोती आता तिथे खाली पडली होती.

"मिस्त्री, तुमी व्हता म्हणून..."

"म्याच बसवलीया ती," गेणबा म्हणाला. "नवी चेन. धरणार न्हाई ठावं असून म्या झाकण लावलं."

तिला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा तिने लेकराचा हात घट्ट धरला. "आन् आमी वर चढलो, तवाबी गप बसला?"

तिने ओझं डोक्यावर घेतलं आणि बाकीच्या बायकांना घेऊन पायी चढू लागली.

बहिरूने मुंडासं सोडून कपाळाला दाबलं. "दादा, लाव म्हणणारा मी व्हतो."

गेणबाने नाही अशी मान हलवली आणि तो हैबतरावांपुढे जाऊन उभा राहिला. "बारकं चाक येईस्तोवर गाडी हितनं हलायची न्हाई. शेड मोकळी करून मागितलीत तरी न्हाई."

गेणबाने उत्तराची वाट पाहिली नाही. तो धोंडे गोळा करू लागला आणि एकेका चाकामागे लावू लागला.