हिलाराचा दगड

ईस्टरच्या सोमवारी सगळं गाव रोमन थडग्यांपर्यंत चालत जातं. जायचा रस्ता ठरवायला मंडळी माझ्याच स्वयंपाकघरात जमतात, कारण मी खायला घालते. यंदा जिनेव्राही होती. पुरातत्त्व खात्याची, टेकडीमागची तीच थडगी दोन वर्षं उकरत बसलेली पोर. नकाशा पसरून पेन्सिल घेऊन ती बसली होती आणि तिच्यासमोर मी पास्त्याची कणीक मळत होते.

"चौकातून निघायचं, तेलाच्या घाण्यामागून उतरायचं, वीस मिनिटांत थडगी," ती म्हणाली.

"घाण्यामागून नको," तिथेच राहणारा आदेल्मो म्हणाला. "माझा कुत्रा चावरा आहे."

आदेल्मोच्या कुत्र्याला धड दात नाहीत. पण त्याची डुकरं ज्या दगडी कुंडातून खातात, ती कुणा रोमन माणसाची शवपेटी आहे. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जिनेव्राला तेवढं नाही.

"मग चर्चच्या गल्लीनं जाऊ."

"अगंबाई, नको! तिथे फार निसरडं," रोमील्दा घाईघाईनं म्हणाली. त्याच गल्लीत तिचं घर, आणि दाराची पायरी म्हणजे आडवा घातलेला रोमन संगमरवरी खांब.

असं करत करत रस्ता गावाला वळसा घालून ओढ्यापलीकडे गेला. जिनेव्रानं मोजलं. "दीड तास? गावातले रस्ते काय शोभेला आहेत का?" ती हसली, म्हणून आम्हीही हसलो. मला मेलीला तर मान वर करवेना.

"बरं, तुमच्याच रस्त्यानं जाऊ," ती म्हणाली. "पण शेवट त्या फुटक्या शिलेपाशी करायचा. 'नऊ वर्षं जगली, आईनं दगड बसवला,' एवढंच उरलंय. नाव वरच्या तुकड्यावर होतं. तो काही सापडत नाही."

"ठेव की कुठलंही," आदेल्मो म्हणाला. "मारिया ठेव, खपून जाईल."

"काका, तुमच्या नातीच्या दगडावर कुणी भलतंच नाव घातलेलं चालेल तुम्हाला?"

आदेल्मोनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग एकेकाची नजर तिकडेच वळली.

माझ्या हाताखाली तोच तुकडा होता. सासऱ्यांनी आणलेला, अक्षरं खाली करून टेबलावर बसवलेला. लग्नाच्या वर्षी टेबलाचा पाय मोडला, दगड उलटा झाला, तेव्हा मी नाव वाचलं होतं. वाचून पुन्हा पालथा घालायला लावला, कारण कणीक त्याच्यावर छान मळली जाते. अडतीस वर्षं. माझ्या दोन्ही लेकींचे नवव्या वाढदिवसाचे केक मी त्याच्यावरच कापले. जिनेव्रा पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं दगडाचं कौतुक केलं होतं, आणि मी तोंड वर करून सांगितलं होतं, गवंड्याकडून विकत घेतला म्हणून. आत्ता वाटली इतकी स्वतःची लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"हिलारा," मी म्हणाले.

"काय?"

"त्या पोरीचं नाव. हिलारा." मी कणीक ताटात काढली. "आदेल्मो, ती बाजू धर. आता बघतोस काय, धर!"

दोघांनी मिळून दगड उलटा केला. जिनेव्रानं ओल्या फडक्यानं अक्षरं पुसली. बोटानं एकेक अक्षर चाचपलं. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?"

मी सांगितलं.

"पोलिसांना बोलाव हवं तर," मी म्हणाले. मनातून मला तेच हवं होतं. दंड भरला असता आणि सुटले असते.

"आमच्या कचेरीत मला कळवावं लागेलच. पण सोमवारी शिलेपाशी नाव मी वाचणार नाही, मावशी. ते तुम्ही वाचायचं, सगळ्या गावासमोर. आणि कधीपासून ठाऊक होतं, तेही सांगायचं."

रोमील्दा काहीतरी बोलायला गेली. मी तिला हातानंच थांबवलं आणि जिनेव्राला "हो" म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तिनं मला पुन्हा म्हणायला लावलं.