माझ्या भरवशावर घर निवडू नका

मी मांजर बोलतेय, तोंडातलं पिल्लू जरा खाली ठेवून. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, आणि हल्ली ते रिकामं असतं कुठे!

माझं घर इंदूरला, परदेशीपुऱ्यात. म्हणजे घर नीरजाताई आणि बाळकृष्णजींचं. मी आपली हक्काने राहते. दोघं रिटायर्ड मास्तर. घरामागे नाला. मागच्या पावसात तो थेट घरात आला. बाळकृष्णजींचे गुडघे गेलेले, ते डायनिंग टेबलावर बसून राहिले आणि नीरजाताई झाडूने पाणी लोटत होत्या. मी गच्चीच्या कठड्यावरून सगळं पाहिलं. फार भीती वाटली.

तेव्हापासून घर बदलायचं चाललंय. ऐपतीत बसणारा एकच फ्लॅट मिळाला, तोही तिसऱ्या मजल्यावर, बिना लिफ्टचा. पाणी पोचणार नाही, पण गुडघे तरी कसे पोचणार? मुलगी संहिता देहरादूनला. ती फोनवर म्हणते, "आई, तुम लोग इधर आ जाओ ना. इतकं टेन्शन कशाला घेता?"

"अगं, तिकडे भूकंप येतो, पहाड खिसकतो," बाळकृष्णजी म्हणतात. "इथे फक्त नाला येतो."

"फक्त?" नीरजाताई कपाळावर हात मारतात.

इकडे आड, तिकडे विहीर. ऐकून ऐकून माझंही डोकं चक्रावलं. माणसांना किती गोष्टींना घाबरावं लागतं! माझ्या लेखी संकट एकच, बोका.

तर मला तीन पिल्लं झाली, माळ्यावर. तिथे बोका हुंगत आला, म्हणून मी त्यांना गच्चीवर टाकीखाली नेलं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते काही हौसेने नाही.

पण नीरजाताईंनी पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. "अहो, माऊ वर गेली! जनावर को सब पहले समझता है. यंदा पाणी येणार. फ्लॅट घेऊन टाकू."

मी गोंधळले. मला कुठे काय कळलं होतं?

पुढे गच्चीवरचा पत्रा तापला. पिल्लं तडफडायला लागली. मी एकेकाला उचलून खाली आणलं आणि बाळकृष्णजींच्या पलंगाखाली ठेवलं. ते दिवसभर तिथेच असतात, बोक्याची काय हिंमत!

"आता खाली?" नीरजाताई मटकन बसल्या. "मग पाणी येणार की नाही येणार?"

बाळकृष्णजी मात्र खूश. "देख, माऊने फैसला कर दिया. लाव फोन फ्लॅटवाल्याला, नको म्हणून सांग."

नीरजाताईंनी खरंच फोन लावला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, अहो, मला पाण्यातलं काही कळत नाही! तर त्यांनी बशीत दूध ओतलं. मी प्यायले, खोटं कशाला बोलू?

फ्लॅट अजून गेलेला नाही म्हणे. तुम्ही कोणी ऐकत असाल तर नीरजाताईंना परत फोन करायला सांगा. त्या मास्तर आहेत, त्यांना विचार करता येतो. म्हणावं, नाल्याला विचारा, गुडघ्यांना विचारा, मला नका विचारू. पाणी आलं तर मी पिल्लांना मानेला धरून एकेक करून गच्चीवर नेईन, तेवढं मला येतं.

बाळकृष्णजींची मान माझ्या तोंडात मावत नाही हो.