मनगटापासून निघालेली वेल

मुक्तानं सुगंधाबाईचा डावा हात आपल्या मांडीवर उताणा घेतला आणि बॉलपेननं मनगटाच्या शिरेपाशी पहिलं पान काढलं.

“हलू नका मावशी. वाकडं झालं तर जन्मभर वाकडंच राहील.”

“तू काढ गं. माझा हात कुठं पळून चाललाय?”

जेवणाची सुट्टी होती. चिकलठाण्यातल्या त्या औषधांच्या कंपनीत बाटल्यांवर कागद चिकटवणाऱ्या बायका शेडमागच्या सावलीत बसत. डबे धुऊन झाले की बाह्या वर सरकत आणि हात पुढे येत. कुणाचं गोंदण कुठल्या जत्रेतलं, कुणाचं हिरवं उतरलं, कुणाचं काळंच राहिलं, सुई टोचताना कोण रडली आणि कोण हसली, हे बोलणं रोज नव्यानं चाले. परवाच एकीनं यंत्रावर नवऱ्याचं नाव काढून आणलं होतं. अक्षरं अजून सुजलेली होती. फुंकर घालत घालत ती सगळ्यांना दाखवत होती.

“यंत्राचं वरवरचं असतं,” मनकर्णाबाई म्हणाली. ती सगळ्यांत वयस्कर, गावी बरी जमीन असलेल्या घरातली, आणि गोंदणाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे. तिनं हातावरची तुळस पुढे केली. “हे बघा. मी परकर नेसत व्हते तवाचं. कातडी लोंबायला लागली, पर तुळशीचं एक पान गळालं नाय.”

बायका हसल्या. मुक्ताही हसली, पण मान वर न करता. वेल आता मनगट सोडून वर निघाली होती. पान, कळी, पुन्हा पान, मध्येच एक राघू. पेन कुठे अडत नव्हतं.

तिचे स्वतःचे हात मात्र कोरे होते. तिच्या आईच्या, केसरबाईच्या, कपाळापासून पोटऱ्यांपर्यंत लहानपणचं गोंदण होतं. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर केसरबाईनं ठरवलं, की लेकीच्या अंगाला सुई लागू द्यायची नाही. जुनं सगळं मागं टाकायचं, तर हेही टाकायचं. मुक्तानं आईचा शब्द मोडला नव्हता. ती दुसऱ्यांच्या हातांवर काढायची, आणि बायका तिचं काढलेलं तसंच्या तसं गोंदवून आणायच्या.

सुगंधाबाईचा तिच्यावर जीव होता. सुगंधाबाई धनगराची, नवरा एका कारखान्यावर राखणदार, बिऱ्हाड मुकुंदवाडीत. तिचं माहेर पैठणच्या वाटेवर होतं आणि मुक्ताचं आजोळही त्याच गावात. कंपनीत पहिल्या दिवशी गावाचं नाव निघालं तेव्हापासून मुक्ता तिला मावशी म्हणू लागली होती.

काम सुटल्यावर दोघी मिळूनच शहागंजला गेल्या. घड्याळाच्या बुरजाजवळ, कापडदुकानांच्या पायरीशी एक म्हातारी गोणपाट अंथरून गोंदायला बसे. तिनं वेल पाहिली, डोळे बारीक केले, आणि कुणी काढली ते विचारलं. सुगंधाबाईनं हनुवटीनं मुक्ताकडे दाखवलं. म्हातारीनं काजळात सुया बुडवल्या आणि मनगटापासून सुरुवात केली. सुगंधाबाईनं उजव्या हातानं मुक्ताचा हात घट्ट धरून ठेवला.

राघू पुरा होत आला आणि रस्त्याच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू आला. आधी एका दुकानाचं शटर खाली आलं, मग ओळीनं सगळ्यांची. मोर्चा येतोय, कुणीतरी पळता पळता म्हणालं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला होता, आणि दोन दिवस शहर त्यावरूनच धुमसत होतं. घोषणा जवळ आल्या तशा कळूही लागल्या. नाव देऊ नका म्हणणारी पोरं होती ती.

म्हातारीनं सुया फडक्यात गुंडाळल्या. “उरलेलं मागनं या.”

सुगंधाबाईनं वळून पाहिलं, तर आपल्या मुठीत हात नव्हता. मुक्ता उभी राहिली होती. ती मोर्चाकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती.

“मावशी, मी जाते,” ती म्हणाली आणि गल्लीत शिरली.

कोपराखालपासून वरची वेल नुसती पेनची होती. ती दुसऱ्या दिवशी अंघोळीत निघून गेली.

त्यानंतर मुक्ता कामावर आली नाही. सावलीत बायका बसत, पण हात पदराखाली असत. रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव येई. तिथले बौद्धवाडे जाळले, लोक रानोमाळ झाले. एक दिवस सुगंधाबाईच्या माहेरचं नाव आलं. मनकर्णाबाईनं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “आपल्याला काय करायचंय बाई. आपलं काम भलं.”

सुगंधाबाईच्या हातावर खपली धरली होती. तिची आग होई, मग खाज सुटे. बाटली फिरवताना, पोळी लाटताना, अंथरुणावर पडल्यावर तिची नखं आपोआप तिथं जात. नवरा म्हणाला, “कशाची येवढी घाई? सगळं शांत झालं का मग कर की पुरं.” वेलीसाठी जीव इतका कासावीस का व्हावा, हे तिलाही सांगता आलं नसतं. गावात तिचा धाकटा भाऊ बिरू होता, म्हातारी आई होती. आणि ओढ्यापलीकडे मुक्ताचा मामा होता, मामी होती.

रविवारी ती मुक्ताला शोधत निघाली. मुक्ताची वस्ती विद्यापीठाच्या रस्त्याला होती. चौकाचौकात पोलीस बसलेले. वस्तीच्या तोंडाशी चार-पाच जण काठ्या घेऊन उभे होते. त्यातल्या एकानं काठी आडवी धरली.

“कुणाकडं?”

“मुक्ताकडं. तिच्या कंपनीतली हाय मी.”

“नाव काय? गाव कोणतं?”

गावाचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि थांबलं. तो तिच्याकडं बघत राहिला, मग त्याची नजर तिच्या हातावर गेली. खपली निघालेल्या जागी हिरवी पानं उघडी पडली होती.

“हे मुक्तानं काढलंय,” तो दुसऱ्याला म्हणाला. “तिच्या दारावर हायेत असली पानं.” आणि त्यानं काठी बाजूला केली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावाकडून आलेली माणसं भिंतीला टेकून बसली होती, लेकरं निजली होती. केसरबाई परातीत पीठ मळत होती, परातीला मावणार नाही एवढं. कोपऱ्यात मुक्ताची मामी होती, दगडाबाई. तिच्या दोन्ही पायांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या.

मुक्ता उठून पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता.

“वेलीसाठी आलात का मावशी?”

सुगंधाबाईला दुसरं काही म्हणता येईना. “व्हय,” ती म्हणाली.

“पेन नाय घरात.”

“असूं दे.”

तेवढ्यात दगडाबाईनं मान वर केली. सुगंधाबाई माहेरी होती तेव्हा एकाच ओढ्यावर दोघींच्या घरची धुणी धुतली जात. ह्या अंगाला ह्यांची, त्या अंगाला त्यांची.

“धनगराची सुगंधा ना तू?”

“व्हय वयनी.” सुगंधाबाई तिच्याजवळ खाली बसली. “पायाला काय झालं?”

“काटं. रानातनं पळालो.”

“मुक्ताचा मामा कुठंय?”

“दवाखान्यात. जगला.”

केसरबाईचे पिठातले हात थांबले होते. सुगंधाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“वयनी, आमचा बिरू...”

“व्हता,” दगडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगावं तसं ती सांगत होती. “चिंचंखाली व्हता. काठी व्हती हातात, पर ती रोजचीच, मेंढरांची. त्यानं काय केलं नाय. उभा व्हता. दाराला आग लागली तवा मी त्याला हाक मारली. बिरूभाऊ, म्हणलं. त्यानं बघितलं माझ्याकडं.”

सुगंधाबाई पुढचं ऐकायला थांबली. पुढचं काही नव्हतं. दगडाबाईनं पायावरची चिंधी नीट केली आणि जवळ निजलेल्या लेकराच्या अंगावर पदर ओढला.

मुक्ता तिला वस्तीच्या तोंडापर्यंत पोचवायला आली. तिथं आल्यावर मुक्तानं तिचा हात धरून उजेडात वळवला, जरा वेळ बघितला.

“नख लावता तुमी,” ती म्हणाली. “ह्या दोन पानांचा रंग गेला. खोबरेल लावा. खाजलं तर वरनं थापटा, खरवडू नका.”

“परत गोंदता येतंय का त्याच जागी?”

“येतं,” मुक्ता म्हणाली. “पर जास्त दुखतं.”

ती माघारी वळली. कामावर कधी येणार, हे सुगंधाबाईनं विचारलं नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी बिरू तिला माहेरी न्यायला आला. दरवर्षी यायचा तसाच, खांद्यावर घोंगडी, हातात आईनं दिलेला लोण्याचा डबा. यंदा पाऊस बरा, एक मेंढी जुळं व्याली, आईचा गुडघा दुखतो, असं सगळं त्यानं बसल्या बसल्या सांगितलं. गावाचं सांगताना तो फक्त “आता निवांत हाय” म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं.

“नवं गोंदलं व्हय? झ्याक हाय. पर निम्मंच काहून?”

“बाजार बंद झाला मधीच.”

तिनं दोन दिवसांची रजा टाकली होती. पहाटे दोघं पैठणच्या एसटीत बसली. गाडीत गर्दी होती, माहेरी निघालेल्या लेकींची, त्यांच्या लेकरांची. बिरूनं तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः दांडी धरून उभा राहिला. फाट्यावर उतरल्यावर त्यानं तिची पिशवी घेतली आणि पुढं चालू लागला. घराची वाट डावीकडं वळत होती. सुगंधाबाई सरळ निघाली, ओढ्याच्या अंगानं.

“आक्का, हिकडून कुठं? आई वाट बघती.”

“दगडावयनी भेटली मला.”

बिरू थांबला. त्यानं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

“मी काय केलं नाय आक्का. बिरोबाची आण. मी कुणाला हात लावला नाय का काडी लावली नाय.”

“ती बी तेच म्हणली.”

तो तिच्या मागून चालत राहिला. ओढ्याच्या अलीकडं चिंच होती आणि पंचमी म्हणून तिला झोका बांधला होता. नव्या बांगड्या घातलेल्या पोरी आळीपाळीनं बसत होत्या. झोका पुढं गेला की ओढ्यावर जाई आणि परत येई. पलीकडच्या काठावर काळ्या पडलेल्या भिंती होत्या. पत्रे मुरगळून पडले होते. पोरींना त्यांची आता सवय झाली असावी.

“सुगंधाआत्या, बसती का?” एकीनं विचारलं.

“नाय गं. तुमी बसा.” ती बिरूकडं वळली. “कुठं उभा व्हतास?”

“आक्का, सणाच्या दिशी—”

“कुठं?”

त्यानं नुसती मान हलवून दाखवलं. खोडाच्या उजव्या अंगाला, मूळ वर आलं होतं तिथं. सुगंधाबाई तिथं जाऊन उभी राहिली. समोर दगडाबाईचं घर होतं. दार नव्हतं, चौकट उभी होती, आणि चौकटीतून आतली चूल दिसत होती. कुणीतरी चुलीवर मडकं तसंच ठेवलं होतं. मडक्याला पडलेली चीरसुद्धा तिला इथून दिसली.

“जा तिथं,” ती म्हणाली.

“काय करू जाऊन?”

“वयनीच्या दारात उभा ऱ्हा. आन मला हाक मार.”

बिरूनं पोरींकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं, ती गंमत करत असेल, हसेल, ह्या आशेनं. शेवटी त्यानं पिशवी मुळाशी ठेवली, घोंगडी तिच्यावर ठेवली आणि ओढ्यात उतरला. पाणी घोट्याएवढं होतं. झोक्याचा दोर फांदीवर कुरकुरत होता. सुगंधाबाईनं हात वर करून पोरींना थांबवलं. त्या दोर धरून उभ्या राहिल्या, काय चाललंय ते न कळून.

तो पलीकडं चढला, चौकटीपाशी गेला आणि इकडं तोंड करून उभा राहिला. त्याचे ओले पाय, धोतराचा वर खोचलेला सोगा, सगळं स्पष्ट दिसत होतं. त्यानं तोंड उघडलं, मग मिटलं. एक हात चौकटीला टेकवला, आणि काजळी लागली म्हणून झटकन काढला.

चिंचेखाली सुगंधाबाई वाट बघत राहिली.