पोस्टात पडून राहिलेल्यांची यादी

बॉस्टनचं वर्तमानपत्र आमच्या गावात माझ्या एकटीकडे येई. माझं वाचून झालं की ते कुंपणावरून शेजारच्या केझायाकडे, तिच्याकडून पाद्रीबाबांकडे. हा क्रम १७६४ च्या वसंतात मी मोडला.

कारण क्षुल्लक होतं. माझ्या वडिलांचं प्रवासाचं पुस्तक केझायानं परत दिलं ते पानांना काकवी लावून.

"पुस्तक वाचायला दिलं होतं, पावाबरोबर खायला नाही," मी म्हणाले.

"एवढा जीव आहे तर पेटीत पूर ना बाई!"

झालं. तेव्हापासून वर्तमानपत्र मी थेट पाद्रीबाबांना देऊ लागले, तेही महिनाभर उशिरा. केझाया कुंपणाशी येऊन विचारायची, "हुल्दा, काही विशेष?" मी म्हणायचे, "तुझ्या कामाचं नाही." मला त्यात मजा वाटत होती, हे कबूल करते.

आमच्याकडे पोस्ट नाही. पत्रं बॉस्टनला पडून राहतात आणि कुणाकुणाची आलीत त्याची यादी वर्तमानपत्रात छापतात. मला पत्र लिहिणारं कुणी उरलेलं नाही, म्हणून ती यादी मी कधी वाचतच नसे. जुलैत पाद्रीबाबांकडून परत आलेले जुने अंक फडताळात अंथरताना नजर पडली: 'विधवा केझाया प्रॅट'. अंक मे महिन्याचा होता.

कुणाला न सांगता गाडीवानाकडून पत्र आणवलं आणि तिच्या घरी गेले. भांडण विसरून तिनं मला खुर्ची दिली. छापलेलं ती माझ्याहून भरभर वाचते, पण हाताचं अक्षर तिला लागत नाही. इथे मुलींना ते शिकवतंय कोण? मला वडिलांनी शिकवलं.

"एबेलचंच असणार," ती म्हणाली. "वाच ना गं."

न्यूयॉर्कहून तिच्या मुलानं लिहिलं होतं. ताप उतरत नाही. खोलीत पाणी द्यायलाही कुणी नाही. आई, जमलं तर लगेच ये.

वरच्या कोपऱ्यात तारीख होती, अकरा एप्रिल. ती मी वाचली नाही.

केझायानं माझं मनगट धरलं. "कधी लिहिलंय त्यानं?"

मी खाली बघत म्हणाले, "गेल्या आठवड्यात."

"मग पोचेन मी," ती म्हणाली आणि लगबगीनं गाठोडं बांधू लागली.